नदीत रसायन सोडणाऱ्या कारखान्याच्या आत जायचा हक्क लोकांना हवा की नको?

पाणवठा :
नदीचं पाणी बिघडलं की आपण निवेदन देतो, मोर्चा काढतो, अधिकारी बाटलीभर पाणी घेऊन जातात आणि विषय तिथेच थंडावतो. माझं मत स्पष्ट आहे. काठावर राहणाऱ्यांना कारखान्याच्या आत जाऊन तपासणी करायचा लेखी हक्क मिळाला पाहिजे.

हे घडलेलं आहे. जपानच्या जिन्झू नदीत कामिओका खाणीतलं कॅडमियम, एक विषारी धातू, उतरायचं. तेच पाणी भातखाचरांत, तोच भात पोटात. हाडं इतकी ठिसूळ व्हायची की खोकल्यानेही मोडायची. आजाराचं नावच पडलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. 1968 मध्ये लोक खाणीच्या मालक मित्सुई कंपनीविरुद्ध कोर्टात गेले आणि 1972 मध्ये अपिलातही जिंकले. भरपाई घेऊन ते घरी बसले नाहीत. करार करून घेतला : आम्हाला गरज वाटेल तेव्हा आमचे तज्ज्ञ घेऊन आत येऊ, खर्च कंपनीचा. तेव्हापासून दरवर्षी तपासणी होत आली आणि नदीतलं कॅडमियम निसर्गतः असतं त्या पातळीच्या आसपास उतरलं.

ईटीपीवाला :
कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात (ईटीपी) माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून विरोध नोंदवतो. फेस दिसला की लोक कारखान्याकडे बोट दाखवतात. फेस घराघरातल्या डिटर्जंटचाही असतो. उलट विरघळलेलं कॅडमियम ना दिसत, ना वास देत. धातू तपासायचा नमुना जागेवरच नायट्रिक आम्ल घालून पीएच (आम्लतेचं माप) 2 च्या खाली आणावा लागतो, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि अहवाल ‘सगळं ठीक’ म्हणतो. बीओडीच्या (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) नमुन्यात मात्र आम्ल चालत नाही, तो बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. हे माहीत नसलेली माणसं आत येऊन काय तपासणार? एक चुकीचा नमुना, आणि कारखाना बंद, कामगार घरी. हे काम प्रशिक्षित यंत्रणेचंच आहे.

पाणवठा :
नमुन्याचं सगळं मान्य. म्हणूनच जिन्झूच्या लोकांनी विद्यापीठांतले शास्त्रज्ञ बरोबर घेतले. पण प्रशिक्षित माणूस आत असला म्हणजे पुरतं का? जपानच्याच मिनामाताला चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने लोक आजारी पडत होते. त्या कंपनीच्याच रुग्णालयाचे डॉ. होसोकावा यांनी 1959 मध्ये कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून मांजराला दिलं. मांजराला तिथल्या लोकांचाच आजार झाला. कंपनीने ते दाबून ठेवलं आणि पारा 1968 पर्यंत पाण्यात जात राहिला. तज्ज्ञ होता, प्रयोग होता, निष्कर्षही होता. फक्त तो दाराबाहेर आला नाही. हे वाचल्यापासून ‘तज्ज्ञांवर सोडा’ हे वाक्य मला पटत नाही.

तळगाळ :
माझा विरोध दुसऱ्या बाजूने आहे. करार या शब्दाचीच मला भीती वाटते. त्याच मिनामाताला, त्याच 1959 च्या डिसेंबरात पीडितांशी करार झालाच होता. थोडी ‘सहानुभूतीची रक्कम’, आणि अट अशी की पुढे कारखाना दोषी ठरला तरी जास्त मागायचं नाही. घरात आजारी माणूस आणि हातात पैसा नाही, लोकांनी सह्या केल्या. कोर्टाने तो करार 1973 मध्ये रद्दबातल ठरवला. मधली तेरा वर्षं कोणी परत दिली? त्याच महिन्यात कंपनीने शुद्धीकरण यंत्रणेचं थाटात उद्घाटनही केलं. पारा काढण्यासाठी ती बांधलेलीच नव्हती! कंपनीशी बोलणी करायला बसलात की असाच देखावा पदरी पडतो. आधी सोडणं बंद, मग बाकीचं.

पाणवठा :
क्रम महत्त्वाचा, हे तुमचं बरोबर. जिन्झूचा करार अपिलाच्या निकालानंतर दुसऱ्याच दिवशी झाला. निकाल हातात होता, म्हणून अटी लोकांच्या होत्या. मिनामाताला 1959 मध्ये लोकांच्या हातात काहीच नव्हतं. कमजोर असताना सही करू नये, एवढं मी माझ्या मतात जोडतो. पण नुसतं ‘बंद करा’ म्हटलं तर दिवसा बंद आणि रात्री, पावसात, चालू. आत गेल्याशिवाय ते कळायचं कसं?

ईटीपीवाला :
वाटेल तेव्हा आत येण्याला माझा विरोध कायम आहे. आम्लाच्या टाक्या असतात, अपघात झाला तर जबाबदार कोण? पण रात्रीच्या सोडण्याबद्दल आतली गोष्ट सांगतो. प्रक्रिया खरंच चालू असेल तर दोन खुणा लपत नाहीत. हवा देणारे ब्लोअर भरपूर वीज खातात, आणि पाण्यातून काढलेला धातू गाळात साठतो. ब्लोअरला वेगळा मीटर लावायला लावा, त्याचे महिन्यामहिन्याचे आकडे मागा. गाळ किती निघाला, कुठे गेला, त्याची नोंदवही मागा. उत्पादन वाढलं आणि गाळ तेवढाच राहिला, तर उरलेला नदीत गेला असं धरून प्रश्न विचारा.

तळगाळ :
नोंदवही लिहिणार कारखानाच ना? मग गाळ नेणाऱ्या गाडीची वजनपावतीही हवी, आणि ती तिथून, जिथे गाळ उतरवला.