शिमगा झाला, पाऊस यायच्या आत घर-परसात काय काय उरकावं?

परसदार:
नमस्कार मंडळी. नोकरीतून निवृत्त होऊन आम्ही दोघं डोंबिवलीहून गुहागर तालुक्यातल्या गावच्या घरी कायमचे राहायला आलो आहोत. घर आजोबांच्या वेळचं, जांभ्याच्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. मागे १८ गुंठे जागा. त्यात दोन जुने फणस, एक रायवळ आंबा, बाकी रान. विहीर आहे, पण वैशाखात तळ दिसतो. पावसाळा या घरात राहून काढायची ही पहिलीच वेळ.

पालखी घरी येऊन गेली, आता गावात जरा सवड आहे. छप्पर, चार कलमं, हिला हवी ती भाजी, पायऱ्यांना कठडा, अशी पुष्कळ कामं मनात आहेत. पैसा बेताचा, गुडघे साठीपुढचे. आधी काय हाती घ्यावं? कौलं ठेवावीत की पत्रा घालावा? वानरांचा त्रास भरपूर आहे, ते धरूनच सांगा.

चिरेबंदी:
आधी छप्पर, आणि तेही आत्ता. अक्षयतृतीया जवळ आली की कौलं फेरणारी माणसं आंबा उतरवायला बागांत जातात, मग मे अखेरपर्यंत कुणी हाताला लागत नाही. शिवाय जूनपर्यंत वेळ आहे असं आता धरता येत नाही. २०२१ साली तौक्ते वादळ मेच्या मध्यावरच किनाऱ्याने वर सरकलं. एप्रिल संपायच्या आत घर शाकारून झालं पाहिजे.

माणूस बोलावण्याआधी एक काम तुम्ही स्वतः करा. भर दुपारी दारं-खिडक्या लावून माळ्यावर जा आणि वर बघा. जिथून कवडसा येतो तिथल्या रिपेवर खडूने खूण करा. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन वाशांची टोकं टोचून पाहा, विशेषतः वासा भिंतीत जातो तिथे आणि पागोळीच्या बाजूला. लाकडात टोक सहज रुतलं तर तो वासा वाळवीने नाहीतर ओलीने गेला. तो बदलायलाच हवा, नाहीतर वर नवी कौलं घालून काही उपयोग नाही. कौलं उतरवली की एकेक बोटाच्या पेराने वाजवून घ्यायचं. चांगलं कौल खणकन वाजतं, तडकलेलं बद्द. डोळ्याला न दिसणारी तडही अशी कळते.

नवी कौलं आणायला जाताना जुनं एक सोबत न्या. पाठीवर कारखान्याचा छाप असतो. वेगवेगळ्या छापांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत आणि त्या सांध्यातून वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. कुठे जुनं घर पाडत असतील आणि तोच छाप मिळाला, तर थोडी जास्तीची घेऊन पडवीत रचून ठेवा. ऐन पावसात वानर उडी मारणार आणि कौल फुटणार, हे धरूनच चाला.

आणि काका, तुम्ही स्वतः छपरावर चढू नका.

कातळकर:
चिरेबंदींचं सगळं पटलं, पण पत्र्याबद्दल माझं मत वेगळं आहे. कौलं ठेवायची म्हणजे दर वर्षी माणूस शोधायचा. आमच्या वाडीतली तरणी मुलं मुंबई-पुण्याला गेली, शाकारणी जाणणारे थकले. आम्ही कौलं तशीच ठेवून वर लोखंडी सांगाड्यावर पत्रा घेतला. मधून वारा खेळतो म्हणून घर तापत नाही आणि वानरांनी कौलं फोडणंही थांबलं. खर्च मोठा आहे, हे मान्य. फक्त सांगाडा पक्का जखडून घ्या, कारण ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत पत्रेही उडाले आणि कौलंही.

चिरेबंदी:
@कातळकर, मान्य. पण यांचा पैसा बेताचा आहे, म्हणून यंदा शाकारणी आणि खराब वासे. पत्र्याचं पुढच्या वर्षी बघता येईल. वासे बदलणं तर दोन्हीकडे लागणारच.

मिरवेल:
कलमं आत्ता लावू नका, खड्डे मात्र आत्ताच खणून घ्या. आंब्याला एक मीटर लांब, रुंद आणि खोल, दोन झाडांत दहा मीटर अंतर. खड्डा उन्हात चांगला तापू द्या. मे अखेरीस तळाला पालापाचोळा, वर चांगली माती, चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट घालून भरा. माती जमिनीपेक्षा उंच ठेवा, पावसात ती बसते. मृगाचे चांगले पाऊस झाले की कलम लावायचं. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखाली येणारे फुटवे खुडत राहायचे.

घरच्या खाण्यासाठी चारही हापूस नकोत. हापूस बहुधा वर्षाआड धरतो, शिवाय साक्याची, म्हणजे फळ आतून पांढरट, स्पंजासारखं होण्याची भीती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रत्ना, म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, दर वर्षी फळतो आणि त्यात साका होत नाही. दोन हापूस, एक रत्ना, एक केसर असं घ्या. शेजारी दुसऱ्या जाती असल्या की हापूसलाही फळ चांगलं धरतं.

कोकम लावणार असाल तर कलमच घ्या. नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियांच्या रोपांतली कितीतरी नर निघतात. वर्षानुवर्षं सांभाळून शेवटी फळच नाही, असं होतं.

सुरंगी:
वहिनींसाठी लिहिते. वानर असताना भेंडी-काकडीसाठी जाळीचा खर्च लगेच करू नका. वानर सहसा ज्याला हात लावत नाहीत त्याने सुरुवात करा. हळद, आलं, सुरण, अळू. आमच्याकडे अक्षयतृतीयेला हळद लावतात. अळू मोरीच्या पाण्यावर येतं, वेगळं शिंपावं लागत नाही. तुमच्या फणसांवर जूनमध्ये मिरवेल चढवा. मिरीची पन्नियूर-१ ही जात चांगली, खोडाजवळ सावली आणि ओल असली की झालं. मिरच्या, कोथिंबीर ओटीजवळ कुंड्यांत, डोळ्यांसमोर.

आणि घराभोवतीचं वाळलेलं गवत याच आठवड्यात कापून घ्या. वणव्याचे दिवस आहेत.

पन्हळ:
पाण्याचं सांगतो. गुहागरकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फूट छपरावर त्याचे अडीच लाख लिटरच्या पुढे जातात. शाकारणीच्या वेळीच पन्हळी लावून घ्या, पागोळीखालचं जोतंही खचायचं थांबेल. पण ते सगळं पाणी विहिरीत सोडून वैशाखाची चिंता मिटणार नाही. जांभ्यात पाणी टिकत नाही, विहीर पावसात भरते आणि पुढे झिरपून जाते. त्यापेक्षा दहा हजार लिटरची बंद टाकी घ्या. पहिल्या सरींचं पाणी वाहून जाऊ द्या आणि परतीच्या पावसात टाकी काठोकाठ भरा. दोन माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाचा उन्हाळा त्यावर निघतो. नव्या कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे बुडाशी मडकं पुरून वात लावून द्या.

परसदार:
मंडळी, मनापासून आभार. आज दुपारी माळ्यावर जाऊन आलो. माजघराच्या वर कवडशांची रांगच आहे आणि दक्षिणेकडचे वासे मऊ लागले. सुताराला निरोप धाडला आहे. हिने सुरणाचं बियाणं शेजारच्या काकूंकडे सांगून ठेवलं. विहिरीतला गाळ यंदाच काढावा का? शेजारचे म्हणतात डिझेल पंप आत उतरवून दिवसभरात उपसून देतो.

चिरेबंदी:
गाळ जरूर काढा, वैशाखात पाणी सर्वांत खाली गेलं की. पण डिझेल पंप विहिरीत उतरवू देऊ नका, कितीही घाई असली तरी. त्याचा धूर तळाशी साचतो, त्याला वास येईलच असं नाही, आणि त्यात माणसं जातात. पंप काठावर किंवा विजेचा. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि काठावर ओढून घेणारी दोन माणसं हवीतच. आधी दिवा सोडून बघतात. तो विझला तर कुणी उतरायचं नाही, आणि नाही विझला तरी दोर सोडायचा नाही. पायऱ्यांचा कठडा सुतार आलाच आहे तर त्याच्याकडूनच करून घ्या, पहिल्या पावसात चिऱ्यावर शेवाळ धरतं.