पॉपिंग आणि लॉकिंगच्या सरावाला एकच गाणी चालतात का?

प्रश्न:
सहा महिने हे दोन्ही नाच शिकतोय. क्लासमध्ये जमतं, पण एकट्याने गाणं लावलं की माझा हिट (स्नायू झटक्यात आवळणं) बीटच्या मागे पडतो. दोन्हींसाठी एकच प्लेलिस्ट आहे, बहुतेक हल्लीचं हिप-हॉप. चुकतंय का?

उत्तर १:
प्लेलिस्ट वेगळ्या कर. मी वर्षभर हीच चूक केली आणि माझं लॉकिंग पॉपिंगसारखं आखडलं.

लॉकिंग १९७० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅम्पबेल या नर्तकामुळे सुरू झालं, फंक संगीतावर. त्यासाठी जेम्स ब्राउनची फंक गाणी लाव. हाताने वाजवलेला ड्रम, मध्येच कापत येणारे ब्रास (ट्रम्पेटसारखी वाद्यं). लॉक घेऊन (अंग एकदम गोठवून) थांबायला त्यात जागा मिळते, आणि पुढचा पॉइंट (बोट रोखण्याची हालचाल) कुठे टाकायचा हे ब्रासच सांगतात.

पॉपिंग कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या बूगालू सॅम या नर्तकाचं. त्याला सिंथेसायझरचा बेस आणि ठसठशीत क्लॅप हवा. झॅप या फंक बँडचं १९८० चं 'मोअर बाउन्स टू द आउन्स' घे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर क्लॅप पडतो, हिट तिथेच मारायचा. मी दोन महिने जवळपास हेच एक गाणं लावलं. पहिला आठवडा फक्त दंड, मग छाती, मग मान, पाय सगळ्यात शेवटी. कंटाळा येतो, खरंय. पण एक दिवस क्लॅपची वाट बघावी लागत नाही, स्नायू आपोआप आवळतो. तो दिवस मला अजून लख्ख आठवतो.

प्रश्नकर्ता:
ते गाणं मला वेगवान वाटतं. आधी मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं साधन) लावू का?

उत्तर १:
लाव, मिनिटाला ८० ठोक्यांपासून. तिथे हिट स्वच्छ पडले की ९०, मग १००. मात्र रोज शेवटची दहा मिनिटं गाण्यावरच नाच. मेट्रोनोममध्ये बेस नसतो, आणि वेव्ह (अंगातून लाट गेल्यासारखी हालचाल) करायला बेसच लागतो.

उत्तर २:
हिट मागे पडण्याचं आणखी एक कारण: क्लॅप ऐकू आल्यावर स्नायू आवळायला घेतलास तर उशीर झालेलाच असतो. नाचण्याआधी गाणं दोनदा नुसतं ऐक आणि क्लॅपवर टाळ्या वाज. मला हे लॉकिंगलाही कामी आलं.

प्रश्नकर्ता:
आत्ताच करून बघितलं. टाळ्यासुद्धा मागे पडतायत. म्हणजे आधी कानावर काम करतो.

उत्तर १:
बरोबर पकडलंस. हा आठवडा फक्त टाळ्या, आणि हिट पुढच्या सोमवारपासून.