मदत हवी आहे : स्टेम सेलच्या इंजेक्शनने किडनी सुधारते का?

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. पहाटेच्या एसटीने नेतो. येताना ते खिडकीला डोकं टेकवून पडून राहतात. हातावरच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) बोट ठेवलं की थरथर लागते, ती रोज तपासतो.

परवा एकाने सांगितलं, स्टेम सेलचं (म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशींचं) इंजेक्शन घ्या, नवी किडनी तयार होते. साडेतीन लाख रुपये. काका वावर गहाण ठेवायला निघालेत.

मी वाचलं ते वेगळंच. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मानवी स्टेम सेलपासून किडनीच्या पेशींचे गोळे वाढवले, पण ते काही मिलिमीटरचे, गर्भातल्या किडनीसारखे कच्चे. लघवी बाहेर जायला वाटच नाही. आपल्या एकेका किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन (रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या) असतात, ते एका सुईने कसे उगवतील?

कोणाच्या घरी असं इंजेक्शन घेतलं असेल तर कृपया खरं काय ते सांगा. काकांना वाचून दाखवीन.

आई किडनी द्यायला तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही. अदलाबदलीचं प्रत्यारोपण (दोन कुटुंबांनी आपापले दाते बदलून घ्यायचे) कोणी केलंय का? नागपूरच्या प्रतीक्षा यादीत नाव लावायला कोणते कागद लागले? लवकर कळवा जी.