घरात आणलेली वस्तू, आपलं पाणी आणि आपली वीज : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, धागा कशामुळं काढला ते आधी सांगते. माझं माहेर औसा तालुक्यात. आईचे गुडघे दुखतात, खाली बसून धुणं होत नाही. म्हणून मागच्या दिवाळीत तिला फुल ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन ऑनलाइन मागवून दिलं. मशीन वेळेवर आलं, बसवायला माणूसही आला. सहा महिने बरं चाललं आणि ऐन वैशाखात ते पाणीच घेईना. तक्रार नोंदवली, तर लातूरहून माणूस यायला १९ दिवस लागले. त्यानं पाहिलं, "पाणी जड आहे, हे वॉरंटीत बसत नाही" म्हणाला आणि ४५० रुपये घेऊन गेला. आठ दिवसांत पुन्हा तेच. आई परत मोरीत पाटावर बसून धुणं धुवायला लागली आणि मला फोनवर सांगते, "असू दे गं, सवय आहे मला." हे ऐकवत नाही.

मशीन निवडताना मी पुण्यात बसून सगळं पाहिलं होतं. किती किलोचं, किती स्टार, किती जणांनी चांगलं म्हटलंय. आमच्या बोअरचं पाणी कसं आहे आणि छतावरची टाकी किती उंच आहे, हे मात्र ना मला सुचलं, ना विकणाऱ्यानं विचारलं.

आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हेच चालू असणार. तुमच्याकडं कोणती वस्तू टिकली, कोणती पडून आहे, दुरुस्तीला कोण आलं? खरंखुरं लिहा. जाहिरात नको.

सेलू, जि. परभणी

ताई, तुमच्या आईंचं वाचून राहवलं नाही. मी शिक्षिका आहे, घरात पाच माणसं. आम्ही मुद्दाम सेमी ऑटोमॅटिक घेतलं आणि नऊ वर्षं झाली, चालू आहे. नळाला धार नसली तरी बादलीनं पाणी ओतता येतं. शिवाय साबणाचं पाणी एकदाच घेऊन आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी असं तीनदा वापरते. आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याचा प्रत्येक हंडा मोजून वापरावा लागतो, त्यात फुल ऑटोमॅटिक दर वेळी नवं पाणी ओढतं ते परवडत नाही. ओले कपडे या टबातून त्या टबात टाकायला वाकावं लागतं, एवढा मात्र त्रास आहे. गुडघ्यांपेक्षा तो पाठीला होतो.

गिझरचा अनुभव वाईट. चार वर्षांत दोन कॉइल गेल्या. दुसरी काढली तेव्हा तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा थर होता, हातोडीनं ठोकला तर चुन्यासारखा फुटला.

लातूर

माझं मोटर वाइंडिंग आणि घरगुती दुरुस्तीचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. धागा काढणाऱ्या ताईंसाठी आधी लिहितो. मशीन पाणी घेत नाही म्हणजे बहुतेक वेळा आतलं काही गेलेलं नसतं. नळ बंद करा, प्लग काढा. मशीनच्या मागं पाण्याचा पाइप लागलेला असतो तो हातानं फिरवून सोडवा. पाइप निघाला की तोंडाशी बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी दिसेल. तिच्या मधल्या दांडीला पकडीनं धरायचं आणि सरळ ओढायचं, वाकडं नाही. ती कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्त टाकून रात्रभर ठेवा. किराणा दुकानात लिंबूसत्ताची पुडी मिळते. सकाळी जुन्या टूथब्रशनं घासून परत बसवा. बोअरचं पाणी असेल तर हे दर दोन महिन्यांनी करायचं.

दुसरं, टाकी. दहा फूट उंचीवरून पाणी आलं तर दाब जेमतेम ०.३ बार पडतो. बऱ्याच मशीनना कमीत कमी तेवढा तरी लागतोच. टाकी छतावर नुसती टेकवलेली असेल तर पाणी करंगळीएवढं येतं आणि मशीन थांबून राहतं. चार फुटांचा चौथरा बांधला तर फरक पडतो.

आता माझ्या धंद्यातलं. फेब्रुवारी सरला की दुकानात कूलरच्या मोटरांचा ढीग लागतो. स्वस्त मोटरीत आता तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमची तार असते. वरून वार्निश तांबूस असल्यानं दिसायला दोन्ही सारखीच. मी गिऱ्हाइकासमोर ब्लेडनं खरवडून दाखवतो, आतून पांढरी निघाली की माणूस गप्प होतो. ती तार तापते, सांध्याला सैल होते आणि जळते. तांब्याची मोटर जळाली तरी मी परत भरून देतो, ॲल्युमिनियमची भरायला परवडत नाही, फेकावी लागते. घेताना दुकानदाराला सरळ विचारा, वाइंडिंग कशाचं आहे, आणि बिलावर लिहून घ्या.

छत्रपती संभाजीनगर, सिडको

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ड्रम, टाकी, कळशा सगळं भरून ठेवतो. अशा घरात एका विक्रेत्यानं आम्हाला १६ हजारांचा आरओ बसवून दिला. एक लिटर प्यायचं पाणी निघालं की दोन-तीन लिटर नळीतून मोरीत. मला ते बघवेना. मग माझ्या भाच्यानं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर आणलं. नळाचं पाणी मोजलं तर २६० आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं धरतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतं असं लिहिलंय. म्हणजे जायकवाडीच्या नळाच्या पाण्याला आरओची गरज नव्हती, जंतूंसाठी साधा यूव्ही फिल्टर पुरला असता. ज्यांच्याकडं बोअरचं पाणी आहे आणि आकडा हजाराच्या पुढं जातो, त्यांचं वेगळं, त्यांना आरओ लागतोच.

आता वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसते. पण विकणाऱ्यानं आधी पाणी मोजायला हवं होतं, याचा राग अजून गेलेला नाही.

वसमत तालुका, जि. हिंगोली

मी शेतकरी. हळद अडीच एकर. आमच्याकडं थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातच्याला. रात्री एकला उठून बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं. दोन वर्षांमागं शेजारच्या शेतात एकाला पान लागलं, म्हणजे साप चावला, वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. त्या दिवसापासून बायकोनं धसकाच घेतला, मी बाहेर पडलो की ती जागीच. मग मोबाईल स्टार्टर बसवला, साडेचार हजाराला. डब्यात सिमकार्ड असतं. घरून फोन लावायचा, बटन दाबलं की तिकडं मोटर चालू. लाइट आली की त्याचाच फोन येतो, विहिरीतलं पाणी सरलं की आपोआप बंद होते. माझ्या आयुष्यात एवढ्या कामाची दुसरी वस्तू आली नाही.

एकच आहे, त्या सिमला दर महिन्याला रिचार्ज मारावा लागायलाय. त्यावरून कुणाला बोलायचं नाही का काही नाही, नुसता एक फोन लावायचा, तरी पूर्ण पैसे. विसरलो की सिम बंद, मोटर बंद. अन् मग रातच्याला परत निघायचं. असल्या यंत्रांच्या सिमला शेतकऱ्यासाठी कमी पैशाचा वर्षभराचा रिचार्ज पाहिजे, हे मी मनापासून म्हणायलोय.

अंबाजोगाई

इन्व्हर्टर वापरणाऱ्यांना एकच सांगणं. बॅटरीत जारचं किंवा आरओचं पाणी कधीही टाकू नका. "शुद्धच तर आहे" म्हणून आम्ही वर्षभर टाकलं. त्यात क्षार उरतातच. १५ हजारांची बॅटरी दोन वर्षांत बसली. डिस्टिल्ड वॉटरच टाका, कॅन महाग नसतो.

नांदेड

माझ्या सासऱ्यांचा अनुभव, इथल्या ज्येष्ठांसाठी मुद्दाम लिहिते. त्यांनी मिक्सर ऑनलाइन मागवला, भांड्याला तडा निघाला. त्यांनी मोबाईलवर शोधून ग्राहक सेवेचा म्हणून एक नंबर लावला. तो खोटा होता. समोरचा इतका गोड बोलला, "काका, काका" करत. आधी एक ॲप टाकायला लावलं, त्यानं त्याला आपली स्क्रीन दिसायला लागली. मग म्हणाला, पैसे परत येण्यासाठी यूपीआयचा पिन टाका. १८,४०० रुपये गेले. पेन्शनचे होते.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. हे वाक्य मी आता घरातल्या सगळ्यांकडून पाठ करून घेतलंय. आम्ही पाऊण तासाच्या आत १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्यामुळं ११ हजार पुढच्या खात्यात अडकवता आले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. उशीर केला असता तर तेही गेले असते. सासरे दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना कुणी काही बोललं नाही, तरी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं असं झालं तर आधी त्यांच्याजवळ बसा, हिशेब नंतर करा.

जालना

मी इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार आहे, माझी बाजू मांडतो. लोक दुकानात येतात, फ्रिज उघडून बघतात, तासभर माहिती घेतात, लेबलचा फोटो काढतात आणि ऑनलाइन मागवतात. चार पैसे वाचतात, त्याला माझी ना नाही. पण बिघाड झाला की माझ्याकडंच येतात, आणि मी माणूस पाठवतो, कारण गावात तोंड दाखवायचंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. दसऱ्याला लोक फ्रिजची किंमत का उतरली नाही म्हणून भांडले. फ्रिज, वॉशिंग मशीन आधीपासूनच १८ टक्क्यांत होते. हे पटवून देता देता घसा बसला.

मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, संध्याकाळी तुमचा पंखा मंदावतो का? खेड्यात दिवे लागणीला व्होल्टेज १७० च्या खाली जातं. तिथं स्टॅबिलायझरशिवाय फ्रिज मी देत नाही. हे ऑनलाइन कोण विचारणार?

बीड

जालन्याच्या दादांशी सहमत, पण सगळे दुकानदार असे नसतात. आमच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी होती. तिसऱ्या वर्षी गेला. दुकानदार म्हणाला कंपनी, कंपनी म्हणाली व्होल्टेज. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार केली, तिथं नुसतीच उत्तरं आली. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मी साध्या कागदावर लिहून बिल, वॉरंटी कार्ड आणि सगळे मेसेज छापून लावले. १४ महिने तारखा झाल्या, पण निकाल माझ्या बाजूनं लागला. बिल जपून ठेवा. हल्लीच्या बिलांची शाई सहा महिन्यांत उडते, म्हणून घरी आल्या आल्या फोटो काढा.

कळंब, जि. धाराशिव

मी घरघंटीबद्दल लिहिते. बचत गटाच्या कर्जातून २१ हजारांची घेतली, सिंगल फेजवर चालते. आमच्याकडं भाकरी ज्वारीची. गिरणीत एकदम दहा-दहा किलो दळून आणलं की शेवटी शेवटी पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात, किती गरम पाणी घातलं तरी काठवटीत गोळा धरत नाही. आता दोन दिवसांपुरतंच दळते. सकाळी दळलेल्या पिठाची भाकरी हातावर घेतली की अशी पसरते, की पाण्याचा हातही कमी लागतो. जाळ्या बदलून येसराचं, बेसनाचं, सगळं निघतं.

मग गल्लीतल्या बायका यायला लागल्या. किलोला सहा रुपये घेते. महिन्याला साडेतीन-चार हजार सुटतात, माझे स्वतःचे. एकदा मोटर अडली तर गावातल्याच मुलानं दोन तासांत बेल्ट बदलून दिला, १८० रुपये. घेताना मी एवढंच पाहिलं होतं की हे उघडता येईल असा माणूस कळंबात आहे का.

सेलू, जि. परभणी

लातूरच्या मिस्त्रीदादांना विचारायचंय, गिझरच्या कॉइललाही लिंबूसत्त चालेल का?

लातूर

चालेल ताई, पण कॉइल बाहेर काढून, आणि दोन तासांपेक्षा जास्त भिजवू नका. उघडाल तेव्हा टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड बघा. झिजून काडीसारखा झाला असेल तर बदला. टाकी त्यामुळंच गंजण्यापासून वाचते.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. रविवारी व्हिडिओ कॉलवर भावाला मिस्त्रीदादांनी सांगितलं तसं करायला लावलं. जाळी निघाली तेव्हा जाळी म्हणून ओळखूच येत नव्हती, पिवळट पांढरा खडा वाटत होता. रात्रभर लिंबूसत्तात ठेवली. सकाळी आईनंच घासली आणि तळहातावर ठेवून मला दाखवली. म्हणाली, "एवढ्याशा जाळीपायी चार महिने पाटावर बसले व्हय मी?"

मशीन पाणी घेतंय. धार बारीक आहे, भरायला वेळ लागतो, पण थांबत नाही. टाकीखाली चौथरा बांधायचाय. गवंड्याला सांगितलंय, सोयाबीन निघाल्यावर येतो म्हणाला.