गाडीच्या एसीत गॅस भरण्याआधी कंडेन्सर बघा
एसीत गॅस भरताना गेजचा (दाब मोजायच्या घड्याळाचा) काटा हिरव्या पट्ट्यात आला की गॅस पुरेसा, असं या चर्चेत एका भाऊंनी लिहिलंय. आपल्याकडच्या मे महिन्यात हे खरं नाही. एसी बंद असताना गेजवरचा दाब फक्त तापमान सांगतो. आर-१३४ए (गाड्यांच्या एसीतला एक गॅस) असेल तर ४५ अंशांना तो साधारण १५० पीएसआय (दाबाचं एकक), मग गॅस अर्धा असो की पूर्ण. चालू असतानाही उन्हासोबत काटा वर चढतोच. खरं माप वजनाचं. बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम गॅस लागतो ते लिहिलेलं असतं.

आणि एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. माझी गाडी रोज जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांच्या) रस्त्यानं जाते. थांबली की गरम हवा, धावली की थंड. दोन उन्हाळे मी गॅसच टाकत राहिलो. शेवटी समोरची जाळी काढली, तर कंडेन्सरवर (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, गाडीच्या तोंडाशी असलेल्या भागावर) कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा नमदाच बसलेला! मऊ ब्रश आणि हलक्या धारेनं धुतला, (जोराच्या धारेनं पात्या वाकतात, तेवढं सांभाळा) आणि जास्तीचा गॅस मशीनवर काढून घेतला. तेव्हापासून यवतमाळच्या सिग्नललाही एसी थंड राहतो.