व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा २०१८-१९ चा सीझन: पॅक लाइन ही त्यांची डिफेन्सची पद्धत कुठे टिकली, कुठे फुटली?

गॅप_हेल्प:
मार्च २०१८ मध्ये शार्लटला यूएमबीसी या विद्यापीठाच्या संघाने व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं. पुरुषांच्या एनसीएए (अमेरिकी विद्यापीठांच्या) स्पर्धेत तोवर पहिलं मानांकन असलेला संघ सोळाव्या मानांकनाकडून कधीच हरला नव्हता. १३५ पैकी १३५ सामने जिंकले होते. पुढच्याच वर्षी तोच कोच टोनी बेनेट, तोच डिफेन्स, बरीचशी तीच मुलं, आणि सीझन ३५-३ करून विजेतेपद. हे सामने मी विद्यापीठाच्या मुलांना दाखवणार आहे, म्हणून जाणकारांना विचारतो. पॅक लाइनमध्ये बॉलपासून दूर असलेले चौघं नेमके कुठे आणि कसे उभे राहतात? ड्यूककडून त्या वर्षी दोनदा हार झाली, तिचं कारण दोन्ही वेळा एकच होतं का? यूएमबीसीनंतर खरंच बदललं काय? आणि आपल्याकडे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत हे शिकवायचं तर कुठे कात्री लावावी लागेल?

शेलड्रिल:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं इतर लिहितीलच.

ही पद्धत टोनीचे वडील डिक बेनेट यांची. २००० साली विस्कॉन्सिनला त्यांनी याच डिफेन्सवर फायनल फोरपर्यंत (एनसीएएच्या शेवटच्या चार संघांत) नेलं. रिंगपासून साधारण १६ फुटांवर, म्हणजे पाच मीटरला थोडं कमी, एक काल्पनिक कमान धरा. बॉलवाल्यावर एक जण पूर्ण दबाव टाकतो आणि बाकीचे चौघं त्या कमानीच्या आत असतात. एका पासच्या अंतरावरचा खेळाडू पास अडवायला हात लांब करून उभा राहत नाही. तो आपला माणूस आणि बॉल यांच्या मधल्या फटीत, म्हणजे गॅपमध्ये, दोघंही नजरेच्या कडांनी दिसतील असा उभा राहतो. बाहेरच्या बाहेर पास फिरू द्यायचा, आत ड्रिबल घुसू द्यायचं नाही, एवढाच सौदा आहे.

मूळ पद्धतीत बेसलाइन, म्हणजे रिंगमागच्या रेषेकडची वाट, देत नाहीत. बॉलवाल्याला मध्याकडे वळवतात, कारण मदत तिथे उभी आहे. नवशिक्या संघात बॉलवरचा गार्ड सवयीने मध्य बंद करून बेसलाइन उघडी ठेवतो आणि गॅपमधले तिघं नुसते पाहत राहतात. पहिल्या आठवड्यात नव्वद टक्के बास्केट इथूनच जातात, म्हणून आधी फक्त हेच घोटून घ्या.

मग क्लोजआउट, म्हणजे पास मिळणाऱ्या माणसाकडे आतून धावत जाणं. पास हवेत असताना निघायचं, बॉल हातात पडल्यावर नाही. अर्धं अंतर सुसाट, शेवटची तीन-चार पावलं आखूड आणि पाय घासत, कंबर खाली, दोन्ही हात कपाळाच्या वर, वजन टाचांकडे. उडी मारायची नाही. शूटरचा शॉट थोडा घाईत जावा एवढंच हवं, ब्लॉक नको. जो उडतो त्याच्या काखेतून ड्रिबल आत जातं आणि मग चारही जणांना जागा सोडावी लागते. उघड्या सिमेंट कोर्टवर धूळ असेल तर आखूड पावलं घसरतात, तेव्हा सरावाआधी कोर्ट झाडून घ्याच.

बॉल स्क्रीनवर (बॉलवाल्याचा साथीदार मध्ये उभा राहून डिफेंडरची वाट अडवतो तेव्हा) व्हर्जिनियाचा मोठा खेळाडू जोरात बाहेर येऊन हेज करायचा, म्हणजे बॉलवाल्याची वाट क्षणभर अडवायचा. छाती साइडलाइनकडे, गार्डला हाफ लाइनच्या दिशेने दोन ड्रिबल मागे ढकलायचं आणि मग पळत परत. परत येताना आपल्या माणसाकडे धावायचं नाही, आधी पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात) यायचं आणि तिथून माणूस शोधायचा. हा क्रम चुकला की रोल करणाऱ्याला, म्हणजे स्क्रीन लावून रिंगकडे वळणाऱ्याला, फुकटचा ले-अप मिळतो. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ उभ्या माणसाकडे, बॉल गेला की दुसरा मोठा खेळाडू ट्रॅपला (दोघांनी मिळून घेरायला) येतो, तोही पास हवेत असतानाच. त्याची जागा दूरच्या बाजूचा गार्ड खाली सरकून भरतो. समोरच्याने चार शूटर लावले की हा दुसरा मोठा खेळाडू रिंगपासून सात मीटरवर अडकतो आणि ट्रॅप उशिरा पोचतो. या पद्धतीची ही जुनी दुखरी नस आहे.

कॉर्नर_थ्री:
ड्यूकबद्दल. दोन्ही हारींची कारणं वेगळी आहेत, आणि मुलांना दाखवताना दोन्ही सामने एका माळेत ओवू नका.

१९ जानेवारी २०१९ ला ड्यूकच्या घरी ७०-७२. तोवर व्हर्जिनिया १६-० होती. ड्यूकचा मुख्य गार्ड ट्रे जोन्स खांद्याच्या दुखापतीने बाहेर होता. तरी आर. जे. बॅरेटने ३० आणि झायन विल्यमसनने २७ गुण केले. इथे बॉलवरच्या माणसाचा पहिल्या पावलावर पराभव होत होता. गॅपमध्ये मदत वेळेवर येत होती, पण झायनच्या अंगात इतका दम की मदत पोचूनही तो बास्केट करायचा. दुसऱ्या टोकाला ड्यूकने प्रत्येक स्क्रीनवर माणसं बदलली. व्हर्जिनियाचा अर्धाअधिक हल्ला स्क्रीनमागून येणाऱ्या शूटरवर उभा होता. माणसं बदलली की स्क्रीनला अर्थच उरत नाही आणि शॉट क्लॉक (एका हल्ल्याला मिळणारा वेळ) संपत जातो.

९ फेब्रुवारीला घरच्या कोर्टवर ७१-८१. त्या दिवशी ड्यूकने २१ पैकी १३ थ्री (तीन गुणांचे लांबचे शॉट) टाकले. एरवी त्या वर्षीचा ड्यूक बाहेरून अगदी सामान्य शूटिंगचा संघ होता. म्हणजे जे शॉट द्यायचे ठरलं होतं तेच दिले गेले आणि नेमके तेच पडले. अशा सामन्यानंतर डिफेन्स बदलला तर ती घोडचूक. बेनेटनी बदलला नाही, आणि माझ्या मते त्या सीझनमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच.

तिसरी हार एसीसी या त्यांच्या लीगच्या स्पर्धेच्या सेमीफायनलला फ्लोरिडा स्टेटकडून, ५९-६९. नियमित सीझनमध्ये मात्र १६-२ करून त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला होता.

आणखी एक. थ्री दोन जातीचे असतात. आत घुसून बाहेर फेकलेल्या पासवरचा थ्री आणि ड्रिबलवरून थांबून मारलेला थ्री. पहिल्याची किंमत पॅक लाइन जाणूनबुजून मोजते. दुसऱ्याचा गॅपशी काही संबंध नाही, तो थेट बॉलवरच्या माणसाचा आणि हेजचा हिशेब आहे. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने एलिट एटमध्ये (एनसीएएच्या शेवटच्या आठ संघांच्या फेरीत) १० थ्रीसह ४२ गुण केले, त्यातले बरेच दुसऱ्या जातीचे, तेही रेषेच्या बरेच मागून. तो सामना दाखवून ‘पॅक लाइन थ्रीसमोर टिकत नाही’ असं सांगितलंत तर मुलं चुकीचं शिकतील.

सिक्स्थ_मॅन:
‘बदललं काय’ यावर. डिफेन्स जवळपास तोच राहिला. बदल झाला तो हल्ल्यात आणि माणसांत.

आधी माणसं. यूएमबीसीच्या सामन्यात डिआंद्रे हंटर नव्हता, स्पर्धेच्या तोंडावर त्याचं मनगट मोडलं होतं. हाफ टाइमला २१-२१ होतं, आणि दुसऱ्या हाफमध्ये यूएमबीसीने ५३ गुण केले. जायरस लाइल्सचे एकट्याचे २८. समोरचा चौथा खेळाडू छोटा आणि चपळ असेल तर त्याच्यामागे धावू शकेल असा उंच माणूस त्या दिवशी व्हर्जिनियाकडे उरला नव्हता. पुढच्या वर्षी हंटर परतला, अलाबामाहून ब्रॅक्स्टन की हा खेळाडू आला आणि पाच फूट नऊ इंचांचा किहाय क्लार्क बॉलवर नव्वद फूट दबाव टाकू लागला. क्लार्कमुळे टाय जेरोम आणि काइल गाय बॉल वर आणण्याच्या कामातून थोडे मोकळे झाले.

हल्ल्याचं म्हणाल तर बेनेटची जुनी पद्धत ब्लॉकर-मूव्हर. दोन मोठे खेळाडू स्क्रीन लावत राहतात, तीन गार्ड त्यांच्याभोवती फिरत राहतात. समोरच्याने माणसं बदलली की ती अडकते, हे वर आलंच आहे. त्या वर्षी तिच्या जोडीला बॉल स्क्रीनचा वापर वाढला. जेरोम स्क्रीनवरून आत, समोर मोठा खेळाडू, कोपऱ्यात गाय किंवा हंटर. फायनलमध्ये टेक्सास टेकविरुद्ध तीन गुणांनी मागे असताना शेवटच्या पंधरा सेकंदांत बरोबरीचा थ्री असाच आला: जेरोम आत घुसला, कोपऱ्यात मदतीचा माणूस आत ओढला गेला, पास उजव्या कोपऱ्यात हंटरला. ६८-६८, मग ओव्हरटाइममध्ये ८५-७७.

त्या फायनलचा अभ्यास स्वतंत्रपणे करा. टेक्सास टेकचा डिफेन्स मध्य बंद करून बॉल बेसलाइनकडे ढकलणारा, म्हणजे पॅक लाइनच्या बरोबर उलट. एकाच सामन्यात दोन्ही शाळा समोरासमोर. हंटरने २७ गुण केले, आणि ज्याला तो धरून होता त्या जॅरेट कल्व्हरला २२ पैकी ५ च शॉट पडले. ओव्हरटाइममध्ये व्हर्जिनियाने १२ पैकी १२ फ्री थ्रो टाकले.

पर्ड्यूच्या सामन्याचे शेवटचे ५.९ सेकंद तर थांबवून थांबवून दाखवा. व्हर्जिनिया ६७-७० ने मागे, जेरोम फ्री थ्रोला. पहिला पडला, दुसरा चुकला. ममादी डियाकिटेने रिबाउंड पकडायचा प्रयत्नच केला नाही, गर्दीत बॉल हाती राहणार नव्हता. त्याने तो मागे टॅप केला. बॉल हाफ लाइनच्याही मागे गेला. क्लार्कने धावत जाऊन उचलला, वर पाहिलं. जेरोम जवळ हात करून बॉल मागत होता. क्लार्कने त्याला न देता लांब सरळ पास डियाकिटेला दिला, कारण तो रिंगजवळ होता आणि वेळ फक्त एका शॉटपुरता होता. बझरवर ७०-७०, आणि पुढे ओव्हरटाइममध्ये ८०-७५. इथे शिकवण्यासारखं ठोस आहे: मुद्दाम किंवा चुकून गेलेल्या फ्री थ्रोवर कोण टॅप करणार, कोण हाफ लाइनवर मागे थांबणार, हे आधी ठरलेलं हवं. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी पाच मिनिटं, घड्याळ लावून करा.

गॅप_हेल्प:
तिघांचेही मनापासून आभार, हे थेट सरावाच्या वहीत जातंय. आता फिबाचं कुणी सांगेल का? आमच्याकडे खरा उंच माणूस एकच आहे. आणि २४ सेकंदांत ब्लॉकर-मूव्हर बसवणं अवघड वाटतंय.

टेबल_ऑफिशियल:
नियमांचे फरक आधी, कारण त्यावरच बाकीचं ठरतं.

त्या सीझनला एनसीएए पुरुषांची थ्रीची रेषा ६.३२ मीटरवर होती, आपली ६.७५ वर, कोपऱ्यात ६.६०. म्हणजे पॅक लाइनची टेप जुन्याच जागी लावलीत तर क्लोजआउट जवळजवळ अर्धा मीटर लांबतो. समोर बरे शूटर असतील तर टेप ५.३ मीटरच्या आसपास लावा, बाहेरून न मारणाऱ्या संघाविरुद्ध ४.९ लाच ठेवा. मुलांना दोन्ही रंगांच्या टेप दिसू द्या आणि सामन्याआधी रंग सांगा.

आपला पेंट ४.९ मीटर रुंद, तिकडचा ३.६६. पोस्टमधला माणूस आपल्याकडे रिंगपासून लांब उभा राहतो, त्यामुळे प्रत्येक पोस्ट पासवर ट्रॅप पाठवायची गरज नाही. एकच उंच खेळाडू असेल तर ट्रॅप सोडूनच द्या, गॅपमधल्या गार्डने ड्रिबल पडताच बॉलवर हात मारून परत जागेवर यावं. हेजही कमी करा, कारण तोच एक माणूस बाहेर गेला तर मागे रिंग मोकळी. त्याला स्क्रीनच्या पातळीपर्यंतच येऊ द्या. पेंटमध्ये तीन सेकंद उभ्या राहणाऱ्या डिफेंडरला एनबीएत दंड आहे, फिबात नाही, तेव्हा तो आत थांबला तरी हरकत नाही.

रिबाउंडमध्ये एक फायदा घ्या. फिबात शॉट एकदा रिंगला लागला की बॉल रिंगवर असतानाही खेळता येतो. एनसीएएत तो गोलटेंडिंग किंवा बास्केट इंटरफिअरन्स ठरतो. रिंगवर नाचणारा बॉल बाहेर टोलवायचं तुमच्या उंच मुलाला आवर्जून शिकवा. बास्केटमध्ये खालून हात घालून बॉल मारायचा नाही आणि रिंग हलवायची नाही, एवढं पक्कं करा.

हल्ल्याला तिकडे ३० सेकंद होते, आपल्याकडे २४. त्यातले हाफ लाइन ओलांडायला ८, तिकडे १०. म्हणून ब्लॉकर-मूव्हरच्या दोनच स्क्रीन ठेवा आणि घड्याळात ११-१२ उरले की थेट बॉल स्क्रीन. बेंचवरून एका मुलाने ‘बारा’ म्हणून ओरडायचं. हल्ल्याच्या रिबाउंडनंतर आपल्याकडे १४ सेकंदच मिळतात, तेव्हा परत सगळी मांडणी करू नका. बॉल बाहेर काढा, एक स्क्रीन, शॉट.

फाउलचा हिशेबही वेगळा. तिकडे हाफमध्ये सातव्या फाउलपासून एक-आणि-एक (पहिला थ्रो पडला तरच दुसरा), दहाव्यापासून दोन थ्रो. आपल्याकडे प्रत्येक क्वार्टरला मोजणी नव्याने, पाचव्यापासून दोन थ्रो. पॅक लाइन कमी फाउल करणारी पद्धत आहे, म्हणून क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटाला तुमच्याकडे बहुधा एक-दोन फाउल शिल्लक असतील. ते वापरून समोरच्याचा हल्ला मोडता येतो. ऑबर्नने व्हर्जिनियाविरुद्ध सेमीफायनलला शेवटच्या सेकंदांत तेच केलं, पण ०.६ सेकंद उरले असताना काइल गायच्या थ्रीवर फाउल झाला, त्याने तिन्ही थ्रो टाकले आणि सामना ६३-६२ गेला. शिल्लक फाउल ड्रिबलवर करायचा. शूटरचे हात वर गेले की हात मागे.

कॉर्नर_थ्री:
एक भर. व्हर्जिनिया देशातला सगळ्यात संथ संघ होता, सामन्याला ६० च्या आसपास पझेशन (बॉल ताब्यात येण्याच्या खेपा). त्यामुळे ‘किती गुण दिले’ यावर मुलांचा डिफेन्स मोजू नका, दर पझेशनला किती दिले ते मोजा. पझेशन = शॉट − हल्ल्याचे रिबाउंड + टर्नओव्हर (शॉटआधीच गमावलेले बॉल) + फ्री थ्रो गुणिले ०.४७५. समजा समोरच्याने ५५ शॉट घेतले, ८ रिबाउंड, १२ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो: ५५ − ८ + १२ + ९.५ म्हणजे ६८.५. गुण ६५ असतील तर ०.९५, चांगलं काम. शिवाय समोरच्याचे थ्री दोन रकान्यांत लिहा, पासवरचे आणि ड्रिबलवरचे. पासवरचे वाढले तर क्लोजआउट घ्या, ड्रिबलवरचे वाढले तर बॉलवरचा गार्ड बदला.