स्वयंपाकाची पुस्तकं नुसती वाचायला घ्यावीत का?

वाचनवेडी_बोरिवली: माझं म्हणणं सरळ आहे. पाककृतींचं पुस्तक कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचावं आणि चार जणींत बसून त्यावर बोलावं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. त्यातली मापं वाटी-चमच्याची, म्हणजे आई-सासूपासून लांब बिऱ्हाड केलेल्या मुलीला थेट हाताशी धरणारी. परवा लेडीज डब्यात एका पुस्तकातली ओल्या बोंबलाची कृती वाचत होते. ‘दाबून पाणी काढावे’, एवढंच लिहिलेलं. शेजारची म्हणाली, पाट्याखाली तासभर. समोर मटार सोलत बसलेली म्हणाली, तासभर? लगदा होईल! फडक्यात गुंडाळून वर जड डबा ठेवा, वीस मिनिटं पुरे. अंधेरी ते बोरिवली हेच चाललं होतं. असा आनंद दुसरं कुठलं पुस्तक देतं?

कोळ्यांची_सून: अजिबात पटत नाही. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. बोंबील बोटाने दाबून बघायच्या आणि ‘झालं’ म्हणायच्या. ते ‘झालं’ कुठल्या पानावर छापणार? शिवाय छापलं की तेच खरं ठरतं. भाची मला पुस्तक दाखवून सांगते, बोंबलाला रवाच लावतात. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तांदळाचं पीठ लावतात, ते चूक?

वाचनवेडी_बोरिवली: मुळीच चूक नाही. पण भाचीने एकच पुस्तक वाचलंय, दोष त्याचा आहे. म्हणूनच तर चार जणींत वाचायचं.

परळकर: चार जणी कोण, हेही बघा. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलितांचं जेवण त्यात आहे, वाळवलेल्या मांसाच्या चान्याही. माझी आजी तिकडची. चाळीत वास जाऊ नये म्हणून खिडकी लावून चान्या भाजायची. तो शब्द मी छापलेला पहिल्यांदाच पाहिला. आईला ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग एकदम सांगायला लागली, आजी त्यात काय काय घालायची ते.

कोळ्यांची_सून: परळकर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. तरी माझं मत तेच. पुस्तकाने आठवण जागी केली, चव आजीच्या हातातच होती. आमचं लिहून ठेवते: हळद, तिखट, मीठ, चिंचेचा कोळ, वरून तांदळाचं पीठ. बोटाचं मात्र लिहिता येत नाही. भाचीला रविवारी बोलावलंय.